एकट्यानं लावायचा मास्क

"मान वळवू नका, काका. नुसता हात मागे न्या," मशीनवाली मुलगी म्हणाली.

हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडला. चाळीस वर्षं लोकांची छतं रंगवलेला तो हात आता वर जायचं नावच काढत नव्हता. मास्कचा पट्टा मानेवर लोंबत राहिला. बायकोचे हात सवयीनं उठले. तिनं ते ओढून परत मांडीवरच्या पर्सवर ठेवले.

"आयुष्यभर मास्क लावला, रंग नाकात जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. "आता झोपेत हवा जावी म्हणून लावायचा. राहू दे गं पोरी, ही लावून देईल. इतकी वर्षं हिचं कोपर हेच माझं मशीन. वीज लागत नाही, बिघडत नाही. बोलतं तेवढं जास्त."

मुलगी हसली. बायको हसली नाही.

"यांना एकट्याला लावता येईल असं काहीतरी दाखवा," ती म्हणाली. "मी असते, नसते. लेकीकडे जाते कधी."

"कधी गेलीस?" त्यानं विचारलं.

मुलीनं टेबलावर आणखी दोन वस्तू मांडल्या. झोपेत उताणं होऊ न देणारा कमरेचा पट्टा. बकल पुढे, लावायला सोपा. पण काकांचा श्वास कुशीवरही अडतो, तासाला अडतीस वेळा, तिथं पट्टा काय करणार. दुसरी वस्तू दातांत बसवायची, खालचा जबडा पुढे ओढून धरणारी.

"धरायला दात हवेत ना," तो म्हणाला. "माझे वरचे सगळे झोपताना पेल्यात असतात."

बायको त्या पट्ट्याकडे बघत राहिली. त्याच्या घोरण्यानं ती कधी जागी झाली नव्हती; घोरणं थांबलं की व्हायची. मनात मोजायची, सात, आठ, नऊ, आणि दहाला कोपर. मग खोल विहिरीतून भरली बादली वर यावी तसा त्याचा श्वास वर यायचा, हिंदकळत, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. सकाळी तो म्हणायचा, काय छान झोप लागली.

पर्समध्ये तिच्या पोटाचा रिपोर्ट होता. ही थंडी तरी तिच्यानं निघेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. यांना इतक्यात कळू द्यायचं नाही, हे तिनं आणि लेकीनं स्वयंपाकघरात दार लोटून ठरवलं होतं.

"हा एक आहे," मुलगी म्हणाली. "पट्टे एकदाच मापाचे करून ठेवायचे. टोपीसारखा पुढून चढवायचा आणि गालापाशी चुंबक लावायचे. छातीत पेसमेकर वगैरे नाही ना काका?"

"छातीत काही नाही."

पहिल्यांदा त्यानं तो उलटा चढवला. दुसऱ्यांदा एक चुंबक निसटला. बायकोनं पर्सचा बंद मुठीत घट्ट धरला. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंनी टक्क वाजलं. तिला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी आत काहीतरी खचलं. जमलं की यांना. माझ्यावाचून जमलं.

"हाच द्या," ती म्हणाली.

मुलीनं फॉर्म पुढे ओढला. "मशीन कसं चाललंय ते आम्ही वर्षभर फोन करून विचारतो. घरच्या कुणाचा तरी नंबर द्या."

बायकोनं तोंड उघडलं. पण आकडे त्याच्या तोंडून येऊ लागले, मास्कमधून, एकेक, न चुकता. त्याला स्वतःचाही नंबर पाठ नसायचा. कुणालाही फोन करायचा तर तो आधी तिला हाक मारायचा.

"हा काकूंचा?"

"लेकीचा."

"काकूंचाही लिहून घेऊ?"

त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. डाव्या हातानं गालापाशी चाचपून दोन्ही चुंबक सोडवले आणि मास्क उतरवला.

"नको," तो म्हणाला. "थांब, परत लावून बघतो. हाताला सवय व्हायला हवी."