माळावर काही नाही

मोजमापाला आलेला माणूस काहीतरी न्यायलाच येतो, हे लंकाबाईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. रस्त्याच्या मोजणीवेळी साहेब असाच हसत आला, फुकटचा चहा ढोसला आणि कागदावर 'पडीक, काही नाही' असं लिहून गेला. माळातलं चार एकर गेलं. त्या चार एकरात दरसाल मटकी व्हायची. साहेबाच्या फुटक्या डोळ्यांना दिसली नाही.

म्हणून कॉलेजातली आरती कोल्हारला लंकाबाईच्या वरच्या माळावर आली, तेव्हा लंकाबाईने तिला पाणी दिलं, बाकी काही दिलं नाही.

"मावशी, जाळं न विणता कोरड्या जमिनीवर पळणारा एक कोळी आहे. जिल्ह्यात तो कुठंकुठं राहतो, ते नोंदवायचंय."

"कोळ्यापायी एवढ्या लांबून? येडं समजती का आमाला?"

"गट नंबर काय तुमचा?"

"म्हाईत न्हाई."

आरतीने माळावर पाच आणि बांधापलीकडे, लंकाबाईच्या दिराच्या, रामहरीच्या उसात पाच खड्डे घेतले. प्रत्येकात एकात एक घातलेले दोन प्लॅस्टिकचे पेले, काठ जमिनीबरोबर. आतल्या पेल्यात मिठाचं पाणी, म्हणजे चालता चालता किडा आत पडावा. शेजारी नंबराची काडी. आठ दिवसांनी येते म्हणाली.

सातव्या दिवशी लंकाबाई वाकून बघते तर काय, तिच्या चार पेल्यांत राखाडी कोळी! रामहरीच्या पेल्यांत नुसते मुंगळे. जमिनीत काही घावलं की जमीन गेलीच. तिने आतले पेले उचलले आणि सरळ अदलाबदल करून टाकली. रामहरी दरसाल बांध वीतभर इकडं सरकवतो ना? घे म्हणावं आता.

दुसऱ्या दिवशी आरती चक्रावली. "ओल्या उसात हा कोळी? पेल्यांना कुणी हात लावला का?"

"वहिनींना इचारा," रामहरी मिशीत हसला. "त्यांच्या नजरंतून मुंगी सुटत न्हाई."

"माज्यावर ढकलू नका, भावजी! मी कशाला शिवू त्या घाणीला?"

आरतीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला काही हे खरं वाटेना, पण धरायचं कुणाला? तिने वही काढली. मोठ्याने बोलत लिहायची तिला खोड. "उसात, चार. माळावर, काही नाही."

लंकाबाईने वहीवर हात आपटला. तेच शब्द, तोच माळ. आणि या खेपेला ते तिनेच लिहायला लावले होते.

"खोड ते! कोळी माजे हायती. मीच पेले बदलले."

"घ्या! आता कोळ्यावर बी वारसा लावा," रामहरी खो खो हसला.

"मघाशी नाही म्हणालात," आरतीचा आवाज चढला. "आता कशावरून खरं मानू?"

लंकाबाईने पदर खोचला आणि माळावरचा एक दगड उलथला. काही नाही. दुसऱ्याखाली विंचू. तिसऱ्याखालून राखाडी कोळी सर्रकन सुटला आणि फटीत घुसला.

आरती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मग वहीच्या अख्ख्या पानावर तिने आडवी रेघ मारली. "आठ दिवस मातीत घातले माझे, मावशी. सगळे पेले परत लावायचे आता."

"लाव की. पर आत्ता घावला त्यो आदी लिही. आन वाचून दाव."

"माळावर, दगडाखाली, एक. जिवंत."

लंकाबाईला अक्षर येत नव्हतं. तरी तिने वही ओढून घेतली, ओळीवरून बोट फिरवलं, आरतीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि वही परत दिली.

"गट नंबर दोनशे सतरा," ती म्हणाली. "त्यो बी लिही."