भाचीच्या वतीने धरलेला नेम

डॉक्टरांनी माझ्या भाचीला तीन महिने दिले होते. साखर उंबरठ्यावर आलीय, चालणं-खाणं सुधारा, नाहीतर गोळ्या सुरू. वय वर्षं तेवीस. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, दिवसभर यंत्रापुढून उठत नाही. नोकरीसाठी माझ्याकडे राहते, म्हणून भावाने तिला माझ्यावर सोपवली.

पहिल्या आठवड्यात तिने घर डोक्यावर घेतलं. फ्रिजवर रंगीत वेळापत्रक, नवे बूट, पहाटे पाचला धावणं, गोड बंद. पाचव्या दिवशी वेळापत्रक जागेवर आणि बाई पांघरुणात. मी म्हटलं, अगं, नेम एवढासा धरावा, की तो मोडायची आपल्यालाच लाज वाटावी. मी बावीस वर्षं रोज प्रार्थनेचं एकच पान वाचते, तापातसुद्धा चुकवलं नाही.

ती म्हणाली, "आत्या, तू देवाला घाबरतेस. मी कुणाला घाबरू?"

मी मनोमन नेम धरून टाकला: ती कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालून आल्याशिवाय आपण चहा घ्यायचा नाही. माझं चुकलं ते इथे. दहापर्यंत माझं कपाळ ठणकायला लागलं आणि चहा तिच्यापायी अडलाय हे तिने बरोबर ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब सातच्या ठोक्याला दाराबाहेर. शेजारीण म्हणाली, काय जादू केलीत हो. मीही जरा फुगलेच.

मग चार दिवस बहिणीकडे गेले. रोज सकाळी फोनवर विचारायचे, ती "आले चालून" म्हणायची आणि मी कप तोंडाला लावायचे. परतले, तेव्हा तिने माझी पिशवी हातात घेतली आणि तिथेच उभी राहिली.

"एकही दिवस गेले नाही, आत्या. तू तशीच बसशील म्हणून खोटं बोलले."

मी खुर्चीत टेकले. माझ्या नेमाने पोरीला चालायला नाही, खोटं बोलायला शिकवलं होतं. बावीस वर्षांत एकही नेम न मोडलेल्या मी देवाची माफी मागितली आणि तिच्यादेखत चहाचं पातेलं चढवलं. तिला म्हटलं, तुझं चालणं तुझं, माझा चहा माझा. मग विचारलं, तुला काय जमेल? हे आधीच विचारायला हवं होतं.

बराच विचार करून ती म्हणाली, तयार चष्म्यांचे ट्रे लिफ्टने तिसऱ्या मजल्यावरच्या काउंटरला जातात. सकाळचा पहिला ट्रे मी जिन्याने नेईन. एकच.

दुकानातल्यांनी तिचं नाव 'लिफ्टबाई' ठेवलं. दोन आठवड्यांनी एकाचे दोन ट्रे झाले, मग वर पोचल्यावर गोड बिस्किटाऐवजी पाणी बरं वाटू लागलं. एकदा सलग तीन दिवस बुडाले, चौथ्या दिवशी तिने पुन्हा ट्रे उचलला. त्या तीन दिवसांत मी काही बोलले नाही. इतका कडक उपास मी आजवर केलेला नाही.

तीन महिने भरले, पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट दुपारी तिच्या फोनवर यायचा होता. मी सकाळपासून नामस्मरण करत बसलेली. दुपार सरली, फोन नाही. संध्याकाळी ती घरी आली, शांतपणे हातपाय धुतले आणि सांगितलं, साखर खाली आलीय, गोळ्या नकोत म्हणाले डॉक्टर.

माझा जीव टांगणीला लावून दुपारीच का नाही कळवलंस, असं मी विचारलं.

"आज अकरा ट्रे होते, आत्या," ती म्हणाली. "हात मोकळे कुठे होते?"