डाव्या बाजूचा तबला

टाळ्या वाजवत मी दोन माईकांसमोरून डावीकडून उजवीकडे चाललो होतो आणि हसू दाबत होतो. त्यांच्या तारा मी गुपचूप अदलाबदल करून जोडल्या होत्या. कुठली टाळी कुठल्या बाजूने येते ते हेडफोनवर तपासणाऱ्या शांतारामकाकांशी ही मस्करी मी तीस वर्षं करतोय. दुसऱ्या टाळीला ते पकडतात आणि माझा कान पिळतात.

मिसरोदच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. डावीकडे अलकाताईंचा तबला, उजवीकडे पेटी, मध्ये बारा बायका. काकांनी वीतभर अंतरावर दोन माईक लावले होते, तोंडं जराशी बाहेर वळवून. माणसाच्या दोन कानांत एवढंच अंतर, म्हणायचे. ज्याची जागा जिथे, त्याचा आवाज तिथूनच आला पाहिजे, स्टिरिओ म्हणजे दुसरं काय. रेडिओतून निवृत्त झाले, वीत तीच राहिली.

आज दुसरी टाळी गेली, दहावी गेली, काका गप्प. मग त्यांनी हेडफोन काढला आणि उलटा फिरवून घातला.

"शैल्या, फिरून एकदा चल."

माझं हसू तिथंच गेलं. दोन्ही बाजू ते आळीपाळीने एकट्या उजव्या कानाने ऐकत होते.

मंडळाच्या सेक्रेटरी विनिताताई बघत होत्या. काकांना आता झेपणार नाही, मोबाईलवरच घेऊ, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं.

"काका, हेडफोन उलटा घातलाय तुम्ही. ऐकू येतंय ना नीट?" त्यांनी विचारलं.

काकांचा हात हेडफोनवरच थांबला.

मी नवा असताना रेडिओत माझ्या हातून एक अख्खं गाणं पुसलं गेलं होतं. साहेबांसमोर काका म्हणाले, चूक माझी. त्या दोन शब्दांवर माझं घर उभं राहिलं.

"ताई, तारा मी उलट्या जोडल्या," मी म्हणालो. "काका तेच तपासतायत."

"पन्नाशी उलटली की तुमची, शैलेंद्रभाऊ."

"अक्कल हबीबगंज स्टेशनला उतरलीय ताई, अजून ऑटो मिळाला नाही तिला."

बायका हसल्या. काकांनी माझा कान पिळला, नेहमीपेक्षा हळू, आणि तसाच धरून कानात म्हणाले, "होळीपासून डावा गेलाय, मियाँ. पण तारा पकडल्या ना?"

"पकडल्या, काका."

तारा सरळ केल्या. भजन सुरू झालं. मी काकांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि अलकाताईंचा तबला बोटांनी हलकेच त्यांच्या डाव्या खांद्यावर वाजवू लागलो.

तिसऱ्या कडव्यात माझा ठेका चुकला. काकांनी डोळे मिटूनच खांदा झटकला.