चेहऱ्यासमोरचा दिवा

मी एक दिवा बोलतोय. रस्त्यावरचा नव्हे, अभ्यासाच्या टेबलावरचाही नव्हे. माणसाचा फोटो काढताना त्याच्यासमोर उभा करतात ना, तो. मला तीन पाय आहेत आणि डोक्यावर पांढऱ्या कापडाचा चौकोनी टोप आहे. त्याला सॉफ्टबॉक्स म्हणतात. त्याच्यामुळे माझा उजेड डोळ्यांत खुपत नाही.

कारखान्यात मला भिंतीकडे तोंड करून पेटवलं, 'ठीक आहे' म्हटलं आणि खोक्यात घातलं. माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो सूनबाईंच्या घरी.

सूनबाई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर लोकांचे दंड बघायचे, तोंडाकडे बघायला सवड नाही. म्हणूनच की काय, त्यांनी सुट्टीच्या दिवशी चेहऱ्यांचे फोटो काढायचा छंद धरला. नवरा दूर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. घरात त्या आणि सासरे. सासऱ्यांनी उभा जन्म बंदरावर क्रेन चालवलेली, म्हणून सगळे त्यांना क्रेनबाबा म्हणत.

सुरुवातीला माझ्यासमोर बसला तो एक भोपळा.

"माझा चष्मा कुठाय गं?" बाबांनी आतून विचारलं.

"भोपळ्याला लावलाय, बाबा. काचेवर उजेड चमकतो का ते बघतेय."

बाबा आले, भोपळ्याला न्याहाळलं, म्हणाले, "याच्यापेक्षा मी बरा दिसतो." आणि भोपळा उचलून स्वतःच खुर्चीत बसले.

पहिला फोटो अगदीच फसला. छतावरची ट्यूब चालू, खुर्ची भिंतीला टेकलेली आणि मी थेट नाकासमोर. चेहरा ताटासारखा सपाट, मागे काळीकुट्ट सावली. "हा तर चौकीत आणलेला माणूस वाटतोय," बाबा म्हणाले.

मग सूनबाई चुकत चुकत शिकल्या. त्यांनी ट्यूब बंद केली, पडदे ओढले, खुर्ची भिंतीपासून पुढे घेतली. मला बाजूला, डोळ्यांपेक्षा जरा उंच ठेवलं. चष्म्यातली चमक गेली. अंधारातल्या गालाशी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, तेव्हा माझाच थोडा उजेड उलटून तिथे पोचला. मी जितका जवळ, तितका चेहरा मऊ दिसायचा.

"अजून जवळ? मी काय अंडी उबवायला बसलोय?" बाबा कुरकुरायचे, पण हलायचे नाहीत. त्यांच्या दोन्ही बुबुळांत मी मला बघायचो, इवलासा.

त्या हिवाळ्यात बाबांना दम लागू लागला. अंगावरचं मांस उतरलं. एक दिवस स्वतःहून दाढी करून आले. "लेकाला पाठवायला एक फोटो काढ. धडधाकट दिसलो पाहिजे. उगाच घोर नको त्याच्या जिवाला."

सूनबाईंनी मला अगदी समोर घेतलं, थर्माकोल हनुवटीखाली धरला. सुरकुत्या मिटल्या, खोल गेलेले गाल भरले. फोटो गेला, लगेच फोन आला. "बाबा तर तरुण झालेत! मग मी अजून एक खेप करूनच येतो."

"ये की सावकाश," बाबा हसत म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र खुर्चीतून उठले नाहीत.

सूनबाई मला विझवायला आल्या आणि थांबल्या. "बाबा, आता जसे आहात तसे काढू?"

"त्याला काळजी लागेल."

"लागू दे. तुम्हाला नाही का लागत त्यांची?"

 बाबांनी चष्मा काढून सूनबाईंच्या हातात दिला. सूनबाईंनी मला पार बाजूला नेलं, थर्माकोल दूर ठेवला. एकेक सुरकुती वर आली, गळ्याशी पडलेला खड्डा दिसला. आणि डोळे... ते कुणाची तरी वाट बघत होते, हे लपवणं मला जमलं नसतं.

बाबांनी फोटो हातात धरून पाहिला. "पाठव," एवढंच म्हणाले.

मुलगा आला. खांद्यावरची बॅग न उतरवताच दारात उभा राहिला.

"हात धुऊन घे. दमला असशील," बाबा म्हणाले.

त्यानं हात धुतले नाहीत. खुर्चीपाशी खाली बसला आणि वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सूनबाईंनी मला लावलं. "बाबा, इकडे बघा," त्या म्हणत राहिल्या, पण बाबांनी काही मुलावरची नजर हलवली नाही. फोटो तसाच निघाला.

पुढे मुलानं जमिनीवरची नोकरी धरली, लांबच्या गावी. तिथलं घर लहान. निघताना सूनबाईंनी माझा टोप पुसला आणि मला शेजारच्या शिंप्याकडे सोपवलं. बाबा गाडीत बसले तेव्हा मी बंद होतो. त्यांना नीट बघताही आलं नाही. आता ते कसे आहेत, कोण जाणे.

शिंपी माणूस चांगला आहे. काळ्या कापडावर काळी शिवण घालायची असली की मला लावतो. मी काम चुकवत नाही, पण कापडाला डोळे नसतात. तुमच्या घरी कुणी दिसायला बरं नाही म्हणून फोटो टाळत असेल, तर त्याला खुर्चीत बसवा, माझ्यासारखा एखादा दिवा जवळ ओढा आणि घाई करू नका. एवढंच मागणं आहे.

कधी कधी माप द्यायला आलेलं एखादं म्हातारं गिऱ्हाईक माझ्याकडे वळतं. अर्धा गाल उजळतो, डोळ्यांत मी दिसू लागतो.

"जरा बाजूला सरा," शिंपी म्हणतो, "उजेड अडतोय."