तीन आटे बोटांनी

मिस्त्रींना फक्त सात महिने रेटायचे होते. तेवढ्यात त्यांच्या दोन खोल्यांचं बांधकाम उरकणार होतं. तोवर बायकोसह गॅरेजवरच्या खोलीत राहायचं, तर काम टिकायला हवं होतं. हात होते, बोटं मात्र साखरेच्या आजारानं बधिर झाली होती. हे त्यांनी मालकापासून लपवलं, बायकोपासून लपवलं आणि त्याच गॅरेजात राबणाऱ्या जावयापासूनही लपवलं. त्यात जेवढी अक्कल खर्ची पडली, तिच्या निम्म्यात डॉक्टर गाठता आला असता.

स्पार्क प्लगचे पहिले तीन आटे नुसत्या बोटांनी फिरवायचे, पाना नंतर, हा गॅरेजचा नियम त्यांनीच घातलेला. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मऊ. प्लग तिरका लागला तर बोटाला लगेच कळतं. मालकानं त्याला शेपूट जोडलं होतं: जो आटे मारील, म्हणजे हेडातले आटे खराब करील, त्यानं घरी जावं. दोघं गेलेही होते.

आता बोटांना काहीच कळेना, म्हणून मिस्त्री अंगाचा आडोसा करून पहिल्यापासून पानाच लावत. त्या दुपारी तिसऱ्या प्लगला पाना जड झाला. त्यांनी जोर दिला. मग पाना एकदम हलका झाला. तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

सगळे जेवायला गेले होते. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि आटे पाडायचा टॅप काढला. भोक वाढवायचं, नवे आटे पाडायचे, त्यात तारेचं वेटोळं बसवायचं. कोणाला पत्ता लागणार नाही. चुरा आत पडू नये म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. पण टॅप सरळ चाललाय की नाही, तेही बोटांनाच विचारावं लागतं.

"मामा, मामी ताट वाढून बसल्यात." जावई शटरखालून वाकून आत आला. "रुसलात की काय?"

"जा तू. येतो."

जावई गेला नाही. "टॅप तिरका गेलाय."

"मला शिकवतोस?"

"तुम्हीच शिकवलंत म्हणून दिसतंय. सोडा."

त्यानं टॅप हातात घेतला तेव्हा मिस्त्रींच्या बोटात धातूचा काप रुतलेला दिसला. रक्त ग्रीसमध्ये मिसळत होतं. जावयानं काप उपटला. मिस्त्री दुसरीकडेच बघत होते.

"कधीपासून?"

"सात महिने सांभाळून घे, बाबा. पाया पडतो तुझ्या."

"पाया कसले पडताय, बॅटरी धरा."

बॅटरीच्या उजेडात भोकाच्या एका बाजूला धातू केसाएवढा उरलेला दिसला, आणि तिथून तडा गेलेला.

"हेड गेलं, मामा. मालकांना सांगू. बोटांचंही सांगा."

मिस्त्री काही बोलायच्या आत शटर वर सरकलं. मालक उभे होते आणि टॅप जावयाच्या हातात होता.

"कोणी मारले?"

जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. वेळ दिला, चांगला भरपूर दिला.

"मिस्त्री, याला तीन आटे बोटांनी शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं," मिस्त्री म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जावईही हिशेबी होता. खरं बोलावं तर वरची खोली जाणार, आणि सासू-सासरे बोचकी घेऊन त्याच्याच दारात येणार. त्यानं टॅप पुसून जागेवर ठेवला. "चूक झाली," तो मालकांना म्हणाला.

मालकांना नवं हेड घालावं लागलं. गिऱ्हाईक आठवडाभर पायी फिरलं. जावयाची नोकरी गेली, ती खरी कोणामुळे गेली हे त्यानं घरी सांगितलं नाही. मिस्त्रींना सात महिने मिळाले. त्याच संध्याकाळी लेक जिना चढून वर आली आणि नवऱ्यानं वडिलांचं नाव घालवलं म्हणून रडत माफी मागून गेली. बापानं ती माफीही ठेवून घेतली.