कार्ड नसलेला फोन

टेमघरच्या बाळारामने आणि त्याच्या धाकट्या भावाने, केसरीनाथने, गोदामवाल्याला शेत विकलं, तेव्हा थोरल्या बहिणीचाही वाटा निघाला. तिला सगळे आक्काच म्हणत. तरुणपणीच नवरा गेल्यामुळे ती माहेरी आली होती आणि शेतावरच्या घरात वेगळी चूल मांडून राहत होती. शेताबरोबर ते घरही गेलं. तिने टेमघरातच भाड्याने खोली घेतली आणि आपला वाटा भावांबरोबर धंद्यात घालायचं ठरवलं. धंदा म्हणजे जवळच्या निजामपुऱ्यात मोबाईलची एजन्सी. पण कोणत्या कंपनीची, यावरून आठवडाभर वाद पेटला.

ते दोन हजार पाच साल होतं. देशात दोन तऱ्हेचे मोबाईल चालत. जीएसएमच्या फोनमध्ये सिमकार्ड घालायचं, नको झालं की बदलायचं. सीडीएमएचा फोन मात्र कंपनीला बांधलेला असे. कंपनी सोडली, की फोनही गेला.

केसरीनाथचा मुलगा कुणाल जीएसएमच्या बाजूचा. त्याचं म्हणणं असं, की सीडीएमएची बहुतेक पेटंटं एकाच अमेरिकन कंपनीच्या हातात आहेत. फोन कुणीही बनवो, प्रत्येक फोनमागे तिला रॉयल्टी द्यावी लागते.

“म्हणजे शेत आपण कसायचं आणि खंड तिनं घ्यायचा,” केसरीनाथ म्हणाला.

बाळारामची मुलगी मनाली तेव्हा नुकतीच इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली होती. तिने सगळ्यांना बसवून समजावलं. रॉयल्टी दुसऱ्या बाजूलाही आहे, फक्त ती अनेकांत वाटली जाते. सीडीएमएचा आवाज स्वच्छ, एका टॉवरवर जास्त लोक बोलू शकतात, आणि विक्री वाढली की रॉयल्टी उतरेलच. ती जे वाचून आली होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणाल चिडून म्हणाला, की आवाज ऐकून कोण फोन घेतो? भाऊ दोघे घुटमळले. मग आक्का बोलली.

“मला यातलं काय समजत न्हाय. पण मनाली शिकलेली हाय. ती सांगते तेच करा.”

ठरलं तेच. मनाली स्वतः दुकानात बसू लागली. पहिले काही महिने बरे गेले. आक्काच्या खोलीचं भाडं दुकानातूनच निघत होतं.

एका संध्याकाळी शिफ्ट संपवून एक यंत्रमाग कामगार आला. त्याने फोन उलटा केला, मागचं झाकण काढून पाहिलं.

“मॅडम, इसमें कार्ड किधर डालने का?”

कार्ड नसतं, असं तिने सांगितलं, तसा त्याने फोन जपून काचेवर ठेवला. गावी गेलं की तिकडचं कार्ड घालायचं, अडचण आली तर फोन विकायचा, हा त्याचा साधा हिशेब. तो मनालीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याच्यासारखे मग रोज येऊ लागले, आणि तसेच परत जाऊ लागले.

पुढच्या वर्षी पेपरात यायला लागलं, की देशातल्या कंपन्या आणि ती अमेरिकन कंपनी यांचं रॉयल्टीवरून जमत नाही. शेअर बाजारातले लोक टीव्हीवर भांडत. एक म्हणे, ज्याने शोध लावला त्याला मोबदला नको का? दुसरा म्हणे, गरीब देशात एवढा दर कसा परवडेल? मनालीला दोघांचंही पटे. रॉयल्टी मात्र उतरेना.

वाशीला एजन्सीवाल्यांची सभा झाली, तिथे ती उठून उभी राहिली. कंपनीने उद्या जीएसएम धरलं तर आमच्याकडच्या मालाचं काय, असं तिने विचारलं. कंपनीचा साहेब सज्जन होता. पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, “मॅडम, ते आम्हालाही वरूनच कळणार.” वरून म्हणजे कुठून, हे विचारायला ती पुन्हा उठली नाही.

दुकान उघडून दोन वर्षं झाली, तेव्हा कंपनीने जाहीर केलं, की आता जीएसएमही सुरू करणार. तोवर निजामपुऱ्यातल्या दुकानात दिवसाला एक फोनही खपत नव्हता. भावांनी दुकान बंद केलं. बाळारामला आणि केसरीनाथला गोदामांत मुकादमी मिळाली. कुणाल मनालीला एका शब्दानेही बोलला नाही. त्यापेक्षा तो बोलला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

आक्काची खोली सोडावी लागली. बाळारामकडे जागा नव्हती, म्हणून ती केसरीनाथकडे जाणार होती. मनालीने तिची ट्रंक रिक्षात घातली आणि शेजारी बसली. वाटेत आक्काने विचारलं, “तू सांगितलेलं खोटं व्हतं का गो?”

“नाही, आक्का. आवाज खरंच स्वच्छ होता.”

“मंग चुकलं कुठं?”

मनालीने तोंड उघडलं. कामगाराचं कार्ड, अमेरिकेतली पेटंटं, वाशीचा साहेब, सगळं तिच्या जिभेवर आलं. यातलं एकही तिच्या हातातलं नव्हतं, पण आक्काने विश्वास ठेवला होता तो तिच्यावर. “मला नाही सांगता येत,” ती म्हणाली.

केसरीनाथच्या बायकोने स्वयंपाकघरात एक फळी रिकामी करून ठेवली होती. आक्काने त्या फळीवर आपली दोन भांडी मांडली. मग वळून तिने भावजयीला हळूच विचारलं, “तुमच्याकडं चहा किती वाजता करतात?”