मुहूर्तावर आलेली पेटी

पत्रिका आधी छापल्या आणि यंत्र नंतर घेतलं, यात डॉ. सुनील आहेरांना काही वावगं वाटलं नाही. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त पंचवटीतल्या गुरुजींनी काढून दिला होता. द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या नर्सिंग होममध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी कक्ष सुरू व्हायचा होता, फक्त बाळाला उबेत ठेवायची काचेची पेटी तेवढी यायची होती. ती आदल्या सकाळी टेम्पोतून आली. वापरलेली, पण पांढऱ्या रंगाचा ताजा वास येणारी. साल १९९८.

यंत्रांची देखभाल ललिताकडे होती. फिजिक्सची एम.एस्सी., बोलणं मोजकं. तिच्या सहीशिवाय एकही यंत्र रुग्णाला लावायचं नाही, हा नियम खुद्द डॉक्टरांनीच केला होता. नियम करायला त्यांना फार आवडायचं.

"किती वर्षं वापरलीय? दुरुस्तीची नोंद कुठंय?" तिने विचारलं.

"मॅडम, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातला माल," विक्रेता राजूशेठ म्हणाला. "रंग तर बघा!"

"बाळ रंगावर जगत नाही."

"पेटी घ्यायचीय का मुलीला स्थळ बघताय?"

डॉक्टर खो खो हसले. विक्रेत्याच्या विनोदाला हसलं की आपला व्यवहार चोख ठरतो, असा त्यांचा समज असावा.

ललिताने पेटी चालू करून आत आपले तीन थर्मामीटर ठेवले. दोन तासांनी पेटीवरचा आकडा छत्तीस दाखवत होता, तिन्ही थर्मामीटर एक्केचाळीस. तिने झाकण उघडून ठेवलं. छत्तीस. हीटर बंद करून तास गेला, तरी छत्तीसच. आकडा पेटी मोजतच नव्हती, नुसती मिरवत होती.

"ही परत पाठवा," ती म्हणाली. "यात बाळ भाजेल आणि आपल्याला कळणारही नाही."

"ललिताताई, उद्या फीत कापू दे. मग बघू."

पहाटे पेठ तालुक्यातून आलेली मैना नर्सिंग होममध्ये सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी, जेमतेम सव्वा किलो. डॉक्टर हरखले. मुहूर्तावर पहिलं बाळ! पाहुणे जमले, फोटोग्राफर आला, नर्स बाळ घेऊन पुढे झाली. तेव्हा ललिताने पेटीची पिन भिंतीतून उपसली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"सही नाही केलेली मी."

"अहो, लोक बघतायत," डॉक्टर दात आवळून म्हणाले.

"बघू देत."

देवळ्याहून आलेले डॉक्टरांचे वडील सावळीराम पुढे आले. "काय झालं, पोरी?"

"हात घाला आत, बाबा. डॉक्टरांनी रात्रभर चालू ठेवली होती. पिन काढेपर्यंत बाहेर छत्तीसच दिसत होतं."

त्यांनी हात घातला आणि झटकन काढला.

"लय तापलंय की रं, सुनील! मी मार्केटात कांदा कापून बघितल्याबिगर बोली लावत नाय. आन तू रंगावर पेटी घेतली? डॉक्टर कशाला केलं तुला?"

पाहुण्यांतल्या राजूशेठला अचानक आपल्या टेम्पोची आठवण झाली. डॉक्टर म्हणाले, "मुहूर्त टळतोय." एवढा एकच आकडा त्यांना अचूक समजत होता.

ललिताने बाळाला कापसात गुंडाळून मैनाच्या सासूच्या, भागीबाईच्या, उघड्या छातीशी ठेवलं आणि वरून पदर घट्ट गुंडाळला. दोघी रिक्षाने सिव्हिल हॉस्पिटलकडे निघाल्या. मागे पेटीला हळदकुंकू लागत होतं, नारळ फुटत होता आणि फोटोग्राफर सगळ्यांना हसायला सांगत होता. भागीबाईच्या पदराखाली बोट घालून ललिता दर चौकात बाळाचे तळवे चाचपत राहिली. गरम होते, नेमके हवे तेवढे.